मादाम क्यूरी यांची युद्धकाळांतील शाळा



झाडावरून पडून किंवा खेळतांना पाय घसरून हात मोडून घेतलेला एखादा तरी सोबती प्रत्येक वर्गांत असतोच. त्याला विचारा, म्हणजे तो सांगेल कीं, इस्पितळांत गेल्यावर हाड बसविण्यापूर्वीं डॉक्टरांनीं त्याला एका निराळ्या खोलींत पाठविलें. तेथें एका माणसानें त्याचा हात सपाट फळीवर नीट ठेवला, हलूं नकोस म्हणून बजावलें, आणि स्वतः आडोशाला जाऊन एक कळ दाबली. क्षणांत काम झालें. मग हाडाचें चित्र पाहून डॉक्टरांनीं उपचार केले, आणि आईबापांनीं डॉक्टरांचे आभार मानले. तें योग्यच होतें. परंतु कळ दाबणाऱ्या त्या माणसाचें नांव बहुधा कोणीच विचारलें नसेल.

इस्पितळांतील यंत्र कितीहि मोलाचें असलें, तरी तें चालविणारा हात शिकलेला नसेल, तर तें यंत्र म्हणजे नुसतें लोखंड आणि कांच होय. ही साधी गोष्ट ऐन महायुद्धाच्या धामधुमींत ओळखून जिनें असे हात तयार करण्याची शाळा चालविली, त्या एका थोर स्त्रीचें चरित्र आज तुम्हांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे. रेडियमचा शोध लावणाऱ्या मादाम क्यूरी म्हणून सर्व जग त्यांना ओळखतें. शिक्षिका म्हणून त्या तितक्या परिचित नाहींत.

त्यांचें माहेरचें नांव मारिया स्क्लोडोव्हस्का. ता. ७ नोव्हेंबर १८६७ रोजीं पोलंडमधील वॉर्सा शहरीं त्यांचा जन्म झाला. त्या काळीं पोलंडचा तो भाग रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. आईनें मुलींची एक शाळा चालविली होती. पांच भावंडांत मारिया सर्वांत धाकटी. घरीं तिला लाडानें मान्या म्हणत. पोलिश मुलांनीं आपला इतिहास शिकूं नये असा राज्यकर्त्यांचा दंडक होता. तरीहि शिक्षिका तो चोरून शिकवीत, आणि रशियन तपासनीस आला कीं पुस्तकें घाईघाईनें लपविलीं जात. मान्या आठ वर्षांची असतां तिची थोरली बहीण टायफसच्या तापानें गेली, आणि ती दहा वर्षांची असतां आई क्षयानें वारली. विद्या ही मिळाली तर मिळाली अशी वस्तु नसून जिवापाड जपावयाची ठेव आहे, हें त्या मुलीला लहानपणींच उमगलें.

शाळेंत पहिला नंबर मिळवूनहि पुढें शिकण्याचा मार्ग बंद होता, कारण वॉर्साच्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हां तिनें व तिची बहीण ब्रोन्या हिनें आपसांत एक करार केला. ब्रोन्यानें प्रथम पॅरिसला जाऊन वैद्यकी शिकावी व मारियानें नोकरी करून तिला पैसे पाठवावे. पुढें ब्रोन्या मिळवती झाली म्हणजे तिनें मारियाला बोलावून घ्यावें. त्याप्रमाणें अठरा वर्षांची मारिया खेडेगांवांतील एका सधन कुटुंबांत मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. दिवसाचें काम उरकल्यावर ती गांवांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांना पोलिश लिहावयास-वाचावयास शिकवी. हा त्या राज्यांत गुन्हा होता. पकडली गेली असती तर शिक्षा झाली असती. तरी ती डगमगली नाहीं. अशा रीतीनें, शोध लावण्याच्या कितीतरी आधीं ती शिक्षिका झाली होती.

१८९१ सालीं ब्रोन्यानें आपलें वचन पाळलें, आणि मारिया पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठांत दाखल झाली. तेथें तिनें मेरी असें नांव लावलें. माळ्यावरची लहानशी खोली, हिवाळ्यांत शेगडीला कोळसा नाहीं, कधीं कधीं पोटभर अन्न नाहीं, अशा स्थितींत अभ्यास करून १८९३ सालीं पदार्थविज्ञानाच्या परीक्षेंत ती पहिली आली, आणि १८९४ सालीं गणिताच्या परीक्षेंत दुसरी आली. १८९५ च्या जुलैमध्यें पियेर क्यूरी या शास्त्रज्ञाशीं तिचा विवाह झाला.

त्याच वर्षीं ता. ८ नोव्हेंबर रोजीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें प्रोफेसर राँटगेन यांना एका नव्या किरणांचा शोध लागला. हवा काढून घेतलेल्या कांचेच्या नळींतून विजेचा जोरदार प्रवाह सोडला असतां नळींतून कांहीं अदृश्य किरण बाहेर पडतात, आणि ते मांसांतून सहज आरपार जातात; पण हाड किंवा धातु त्यांना अडविते, असें त्यांना आढळलें. बीजगणितांत अज्ञात राशीला जें अक्षर देतात, तेंच त्यांनीं या किरणांना दिलें. म्हणून आपण त्यांना क्ष-किरण म्हणतों. या शोधाचे पेटंट घेऊन राँटगेन धनाढ्य झाले असते. परंतु त्यांनीं तें घेतलें नाहीं.

क्यूरी पतिपत्नींनींहि पुढें हाच कित्ता गिरविला. १८९८ सालीं त्यांनीं पोलोनियम व रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांचा शोध लावला. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक गळकी पडवी होती. तेथें टनावारी खनिज उकळून, ढवळून आणि गाळून १९०२ सालीं मेरी क्यूरी यांनीं एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियमचा क्षार हातीं आणला. त्यांनीं त्याच्या कृतीचें पेटंट न घेतां ती सर्वांना खुली केली. १९०३ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्या दोघांना प्रोफेसर बेकेरेल यांच्यासह मिळालें. पण १९०६ च्या एप्रिलमध्यें पॅरिसच्या रस्त्यांत घोड्यांच्या मालगाडीखालीं सांपडून पियेर मरण पावले. दोन लहान मुली पदरीं घेऊन मादाम क्यूरींनीं पतीचा अध्यापनाचा भार उचलला. सॉर्बोनमध्यें शिकविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९११ सालीं रसायनशास्त्राचें दुसरें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. मात्र त्याच वर्षीं फ्रेंच विज्ञान अकादमीनें थोड्या मतांच्या फरकानें त्यांना सभासदत्व नाकारलें, आणि कांहीं वर्तमानपत्रांनीं परदेशी बाई म्हणून त्यांची अतिशय निंदा केली.

ज्या देशानें आपणांस असें दुखविलें, त्या देशावर संकट आलें असतां माणूस काय करतो, यावरून त्याची पारख होते. १९१४ च्या उन्हाळ्यांत पॅरिस विद्यापीठ व पाश्चर संस्था यांनीं मिळून बांधलेली रेडियम इन्स्टिट्यूट नुकतीच पुरी होत होती. तीत एक प्रयोगशाळा मादाम क्यूरींची, व दुसरी वैद्यकीय संशोधनाची होती. इतक्यांत ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें. तरुण सहकारी रणांगणावर गेले आणि नवी इमारत ओस पडली. जर्मन सैन्य पॅरिसजवळ येऊं लागलें, तेव्हां संस्थेजवळचें एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटींत घालून मादाम क्यूरी आगगाडीनें बोर्दो शहरीं गेल्या आणि तेथें तें सुरक्षित ठेवून लागलीच पॅरिसला परतल्या. आपल्या नोबेल पारितोषिकाचा पैसाहि त्यांनीं फ्रान्सच्या युद्धकर्जांत घातला.

परंतु एवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. जखमी शिपायांच्या अंगांत बंदुकीच्या गोळ्या व तोफगोळ्यांचे तुकडे रुतलेले असत. ते नेमके कोठें आहेत हें न कळल्यामुळें शल्यवैद्यांना अंदाजानें चिरफाड करावी लागे. क्ष-किरणांचा शोध लागून जवळजवळ एकोणीस वर्षें झालीं होतीं. पण ती यंत्रें मोठ्या शहरांतील थोड्या इस्पितळांतच होतीं. आघाडीजवळच्या इस्पितळांत यंत्र नव्हतें, आणि बहुतेक ठिकाणीं यंत्र चालवावयास वीजहि नव्हती. ज्याला हलविल्यास प्राण जातील अशा जखमी माणसाला यंत्राकडे कसें न्यावें? मादाम क्यूरींनीं ठरविलें कीं, यंत्रानेंच जखमी माणसाकडे गेलें पाहिजे.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मादाम क्यूरींचा अभ्यास रेडियमचा होता. क्ष-किरणांनीं रोग्याची तपासणी कशी करावी हें त्यांना प्रत्यक्ष माहीत नव्हतें. दोन नोबेल पारितोषिकें मिळविलेली सेहेचाळीस वर्षांची ही विदुषी पुन्हां विद्यार्थिनी झाली. त्यांनीं शरीररचनाशास्त्राचीं पुस्तकें वाचलीं, यंत्र कसें हाताळावें हें शिकून घेतलें, आणि पुढें १९१६ सालीं मोटार चालविण्याचा परवानाहि काढला. शिकविणाराला आधीं शिकावें लागतें, आणि त्यांत कमीपणा नाहीं, हा धडा आम्हां शिक्षकांनीं तर गळ्यांत बांधून घेण्यासारखा आहे.

एका स्त्रीसंस्थेच्या साहाय्यानें त्यांनीं पहिली क्ष-किरण मोटार सिद्ध केली. मोटारीला एक डायनॅमो जोडलेला होता. गाडीच्या एंजिनावर तो फिरे आणि वीज उत्पन्न करी. गाडींत क्ष-किरणांची नळी, ती उभी धरण्याचा सांगाडा, घडीचें टेबल, चमकणारा पडदा, फोटोच्या कांचा, आणि खोलींत काळोख करण्यासाठीं जाड काळे पडदे असत. गाडी इस्पितळाच्या दाराशीं थांबली कीं विजेची तार खिडकींतून आंत घ्यावयाची, खिडक्या काळ्या पडद्यांनीं झांकावयाच्या, टेबल मांडावयाचें, आणि थोड्याच वेळांत एका साध्या खोलीचा क्ष-किरण-विभाग होई. श्रीमंत घराण्यांतील बायकांकडून मागून आणलेल्या मोटारींवर त्यांनीं अशा वीस गाड्या तयार केल्या. शिपाई त्यांना प्रेमानें धाकट्या क्यूरी म्हणूं लागले. याखेरीज निरनिराळ्या इस्पितळांत त्यांनीं दोनशें कायमच्या क्ष-किरण-खोल्या उभ्या केल्या. या सर्व ठिकाणीं मिळून दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली. सरकारी कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांशीं झगडून त्यांना परवाने व सामान मिळवावें लागे. एकदां तर गाडी उलटून त्यांना इजाहि झाली. परंतु त्याची वाच्यता न करतां त्यांनीं काम चालू ठेविलें.

भूमिति शिकून उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांसाठीं या कामांतील एक युक्ति सांगतों. गोळीची सावली पडद्यावर दिसली, तरी ती त्वचेपासून किती खोल आहे हें एका सावलीवरून कळत नाहीं. म्हणून नळी एका जागीं ठेवून सावली टिपावयाची. मग नळी ठराविक अंतर बाजूला सरकवून दुसरी सावली टिपावयाची. नळी किती सरकली, सावली किती सरकली, आणि नळी व पडदा यांमध्यें अंतर किती आहे, हें ठाऊक असलें म्हणजे समरूप त्रिकोणांच्या साहाय्यानें गोळीची खोली काढतां येते. आपल्या वर्गांत फळ्यावर सुटणाऱ्या त्या उदाहरणावर तेथें माणसाचें जगणें-मरणें अवलंबून होतें. आरंभीं कांहीं शल्यवैद्य या यंत्राविषयीं साशंक होते. पण सांगितलेल्या ठिकाणीं चाकू लावतांच गोळी हातीं आली म्हणजे त्यांची शंका फिटे.

मादाम क्यूरींची थोरली मुलगी इरेन युद्धारंभीं अवघी सोळा वर्षांची होती. तीहि आईबरोबर हें काम शिकली, आणि अठराव्या वर्षीं एकटीनें आघाडीजवळच्या इस्पितळांतील यंत्रें सांभाळूं लागली.

परंतु यंत्रें वाढलीं तशी एक नवी अडचण पुढें आली. यंत्र होतें, वीज होती, जखमी दाराशीं होते. पण यंत्र चालविणारें माणूस नव्हतें. क्ष-किरणांचे जाणकार डॉक्टर मुळांत थोडे, आणि हाताखालीं काम करणारे पुरुष सैन्यांत ओढले जात. न शिकलेल्या माणसाच्या हातीं यंत्र दिलें तर नळी फुटे, चित्र अंधुक निघे, आणि चुकीच्या चित्रावरून चुकीच्या जागीं शस्त्र चाले. म्हणजे यंत्र नसल्यापेक्षांहि तें वाईट. तेव्हां मादाम क्यूरींनीं स्त्रियांना हें काम शिकविण्याचें ठरविलें.

पॅरिसमध्यें त्या वेळीं परिचारिकांना शिक्षण देणारें एक इस्पितळ होतें. त्याला ईडिथ कॅव्हेल हिचें नांव दिलेलें होतें. ही एका इंग्लिश पाळकाची कन्या. ब्रुसेल्समध्यें परिचारिकेचें काम करीत असतां, शत्रूच्या मुलखांत अडकलेल्या सैनिकांना पळून जाण्यास साहाय्य केल्याबद्दल जर्मनांनीं तिला १९१५ च्या ऑक्टोबरमध्यें गोळ्या घालून ठार केलें. तिच्या नांवाच्या या शाळेला क्ष-किरण-शिक्षणाची जोड देण्यांत आली, आणि १९१६ सालीं मादाम क्यूरींच्या देखरेखीखालीं रेडियम इन्स्टिट्यूटमध्यें वर्ग सुरू झाले. युद्धामुळें ओस पडलेली विद्यापीठाची ती नवी इमारत अशा रीतीनें प्रथम शाळा म्हणून गजबजली.

या शाळेंत येणाऱ्या पुष्कळ बायका केवळ प्राथमिक शिक्षण झालेल्या होत्या. विजेचा प्रवाह म्हणजे काय, हें त्यांना ठाऊक नव्हतें. मादाम क्यूरींनीं त्यांना अपात्र म्हणून परत पाठविलें नाहीं. नीट रीतीनें शिकविलें आणि शिकणाराणें मनापासून मेहनत केली, तर थोड्या शिक्षणावरहि हें काम साधतें, असा त्यांचा विश्वास होता. कांहीं आठवड्यांच्या या शिक्षणांत वीज व क्ष-किरण यांची तत्त्वें, शरीररचना, फोटोच्या कांचा धुणें, हें सर्व असे. पण मुख्य भर प्रत्यक्ष कामावर असे. यंत्र जोडावयाचें, सोडावयाचें, बिघडल्यास काय बिघडलें तें शोधावयाचें, रोग्याला न दुखवितां टेबलावर कसें निजवावयाचें, हें सर्व हातानें करून पाहावें लागे. शिकविणाऱ्यांत इरेनहि होती. तिच्या कित्येक विद्यार्थिनी वयानें तिच्याहून मोठ्या होत्या. युद्ध संपेपर्यंत सुमारें दीडशें स्त्रिया येथून शिकून निरनिराळ्या इस्पितळांत कामाला लागल्या.

युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरमध्यें थांबलें, पण शाळेचें काम लगेच थांबलें नाहीं. १९१९ च्या वसंतांत, फ्रान्समध्यें राहिलेल्या अमेरिकन सैनिकांसाठीं त्याच प्रयोगशाळेंत वर्ग भरविण्यांत आले. १९२१ सालीं मादाम क्यूरींनीं क्ष-किरणविद्या व युद्ध या विषयावर एक पुस्तक लिहून आपला अनुभव सर्वांपुढें ठेविला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील स्त्रियांनीं वर्गणी जमवून त्यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिलें. कारण ज्यांनीं रेडियम शोधून जगाला फुकट दिलें, त्यांना स्वतःच्या संशोधनासाठीं तें विकत घेण्याची ऐपत नव्हती. आज जगांतील मोठमोठ्या विद्यापीठांच्या इस्पितळांत तरुण डॉक्टर व तंत्रज्ञ हे इस्पितळांतील यंत्रांवर, प्रत्यक्ष रोग्यांच्या सेवेंत, अनुभवी शिक्षकाच्या नजरेखालीं शिकतात. यंत्रें बदललीं, चित्रें कांचेवरून संगणकाच्या पडद्यावर आलीं. पण यंत्र, रोगी आणि शिक्षक हीं तिन्ही एकत्र असल्यावांचून ही विद्या येत नाहीं, हें अजूनहि तसेंच आहे.

या सेवेचें मोल मादाम क्यूरींनीं आपल्या देहानें दिलें. क्ष-किरणांपासून जपावयास हवें हें त्या काळीं माहीत होतें, परंतु तीं साधनें अपुरीं होतीं, आणि जखमींच्या गर्दींत जिवाची काळजी घेण्यास सवड नसे. ता. ४ जुलै १९३४ रोजीं रक्त तयार होण्याची क्रिया क्षीण करणाऱ्या रोगानें त्यांचें निधन झालें. १९९५ सालीं त्यांचा देह पॅरिसच्या पाँथिऑनमध्यें हलविण्यांत आला. तेव्हां केलेल्या तपासणीवरून कांहीं तज्ज्ञांनीं असें मत दिलें कीं, त्यांच्या आजाराला रेडियमपेक्षां युद्धकाळांतील क्ष-किरणच अधिक कारणीभूत झाले असावेत. इरेनहि १९५६ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारली. आज क्ष-किरण काढणारा माणूस आडोशाला जातो, शिशाचा पट्टा लावतो, अंगावर किरण मोजणारा बिल्ला बाळगतो. त्याला आपण भित्रा समजूं नये. त्याची ती सावधगिरी अशा माणसांच्या प्राणांच्या मोलानें विकत घेतलेली आहे.

शेवटीं एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. मादाम क्यूरींचा बाप्तिस्मा झालेला होता व त्यांची आई मोठी श्रद्धाळू होती. परंतु बहीण आणि आई यांच्या मृत्यूनंतर मारियाची श्रद्धा ढळली, ती पुढें परत आली नाहीं. आपल्यासारख्या शाळेच्या अंकांत अशा बाईंचें चरित्र कां द्यावें, असें एखादे पालक विचारतील. मला त्या वेळीं शोमरोन्याचा दाखला आठवतो. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला पाहून याजक व लेवी बाजूनें निघून गेले. थांबला तो परका शोमरोनी. प्रभूनें तेथें त्याच्या उपासनेची चौकशी केली नाहीं. त्याचे हात काय करीत होते, तेवढेंच दाखविलें. मादाम क्यूरीहि त्या देशांत परक्याच होत्या, आणि त्याहि थांबल्या. ज्यांना आपली श्रद्धा शाबूत आहे असें वाटतें, त्या आपण सर्वांनीं आपल्या हातांकडे एकदां पाहावें.

मुलांनो, तुमच्यापैकीं सर्वच कांहीं मोठे शोध लावणार नाहींत. पण एखादें यंत्र, एखादी विद्या, एखादें साधें काम इतक्या नेटकेपणानें शिकणें कीं, त्यावर दुसऱ्याचा प्राण निर्धास्तपणें सोंपवावा, आणि मग तेंच दुसऱ्याला शिकविणें, हें तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या हातचें आहे. पुन्हां कधीं इस्पितळांत गेलांत, तर कळ दाबणाऱ्या त्या माणसाचें नांव अवश्य विचारा, आणि त्याचेहि आभार माना.